आयटीआयचा धडा मोबाईलवर: वर्गाचं रेकॉर्डिंग टाकलं म्हणजे ऑनलाइन शिक्षण होतं का?

दिवाळीत पाथर्डी तालुक्यात मामाच्या गावी गेलो होतो. माझा मामेभाऊ आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे म्हटल्यावर त्यानं सरळ मोबाईलच पुढे केला. "दादा, यातलं नेमकं काय वाचू?"

मोबाईलमध्ये पाऊणपाऊण तासाचे वर्गाचे व्हिडिओ होते. स्कॅन केलेल्या, तिरक्या पानांच्या पीडीएफ होत्या. तीन व्हॉट्सॲप ग्रुप होते आणि त्यात 'गुड मॉर्निंग'च्या खाली दबलेल्या लिंक. मी विचारलं, यातले किती व्हिडिओ पूर्ण बघितलेस? तो हसला. "झोप येते दादा. आणि तीन व्हिडिओ बघितले की दिवसाचं नेट संपतं."

मला माझं शेवटचं सेमिस्टर आठवलं. २०२० चा लॉकडाऊन होता आणि आमचे वर्ग ऑनलाइन चालायचे. कॅमेरा बंद, माईक बंद, हजेरीपुरतं जॉइन व्हायचं. त्या चार महिन्यांतलं मला आज काहीही आठवत नाही. सरांनी मेहनत घेतली नव्हती असं नाही. खडू-फळ्याचा तास जसाच्या तसा मोबाईलमध्ये कोंबला होता, अडचण तिथे होती.

आता मुद्दा एवढाच: पाच वर्षं झाली, तरी आपण अजून तेच करतोय का?

हा प्रश्न आत्ताच का?

कारण आता यात पैसा आणि मार्क दोन्ही आलेत.

पहिली गोष्ट, 'पीएम-सेतू' योजना. ४ ऑक्टोबर २०२५ ला ती सुरू झाली. देशातल्या १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या, त्यातल्या २०० मुख्य केंद्रं आणि ८०० त्यांना जोडलेल्या. एकूण तरतूद ६०,००० कोटी रुपये. त्याच आठवड्यात महाराष्ट्रानं ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक विद्यालयांत कमी मुदतीचे रोजगारक्षम कोर्स सुरू केले. त्यात एआय, इलेक्ट्रिक गाड्या, सोलर असे विषय आहेत.

दुसरी गोष्ट डिग्रीवाल्यांसाठी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' पोर्टलवरून करता येतात, फक्त कॉलेज आणि विद्यापीठानं परवानगी द्यायला हवी. 'स्वयम्' २०१७ पासून आहे आणि कोर्स बघायला फुकट आहेत. म्हणजे ऑनलाइन धडा आता केवळ 'एक्स्ट्रा' राहिलेला नाही. त्यावर तुमची मार्कशीट ठरू शकते.

आणि आपल्या जिल्ह्यात याची गरज जास्त आहे. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरातल्या मुलाला रेंज मिळत नाही. पाथर्डी-शेवगावच्या मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मामेभावाचा एक वर्गमित्र मधूनमधून त्यांच्यासोबत फडावर असतो. तिथे चार्जिंगचेच वांदे. त्याच्यासाठी 'दर सोमवारी रात्री बारापर्यंत असाइनमेंट सबमिट करा' या वाक्याचा अर्थ काय होतो, विचार करा. जो सगळ्यात जास्त वर्ग चुकवतो, त्यालाच ऑनलाइन धड्याची सगळ्यात जास्त गरज असते. आणि आपण धडा बनवतो तो मात्र वायफायवाल्यासाठी.

आधी गणित: एक धडा किती एमबीचा?

हे तुम्हीही काढू शकता. व्हिडिओचा वेग केबीपीएसमध्ये असतो. त्याला सेकंदांनी गुणा आणि ८ नं भागा, की केबी मिळतात.

- वर्गाचं ४५ मिनिटांचं रेकॉर्डिंग, १,५०० केबीपीएस: सुमारे ५०० एमबी. दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन व्हिडिओ. मामेभावाचा हिशोब बरोबर होता.
- फक्त आकृती आणि आवाज असलेला ८ मिनिटांचा व्हिडिओ, २०० केबीपीएस: सुमारे १२ एमबी.
- ८ मिनिटांचा नुसता आवाज ३२ केबीपीएसवर आणि सोबत १०० केबीच्या पाच आकृत्या: अडीच एमबीच्या आत.

५०० आणि अडीच. शिकवायची गोष्ट तीच. आकृती हलत नसेल तर व्हिडिओत बिटरेटही फार लागत नाही, कारण कॉम्प्रेशनमध्ये बदललेला भागच प्रामुख्यानं साठवला जातो. फळ्यासमोर सर चालत असतात, तेव्हा आपला डेटा शिकण्यावर कमी आणि सरांच्या शर्टावर जास्त खर्च होतो!

चांगलं उदाहरण मुंबईतच आहे

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. हे काही फार चकचकीत नाहीत. पण त्यामागचे चार निर्णय मला इंजिनिअर म्हणून फार आवडतात.

एक, आवाज मराठीत, पण स्क्रीन इंग्रजीतच. कारण नोकरीच्या जागी तुमच्यासमोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीत असतं. समजायचं आपल्या भाषेत, बटण ओळखायचं कामाच्या भाषेत.

दोन, बघता बघता करायचं. स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर. थांबवा, करा, पुढे चला.

तीन, स्क्रिप्ट रेकॉर्ड करायच्या आधी ती नवख्या माणसाला दिली जाते. तो जिथे अडला, तिथे स्क्रिप्ट चुकली असं मानायचं. आमच्या कंपनीत याला युजर टेस्टिंग म्हणतात. अभ्यासाच्या व्हिडिओसाठी हे कुणी करताना मी क्वचितच बघितलंय.

चार, सगळं ऑफलाइन चालतं. एकदा कॉपी केलं की नेट नसलं तरी चालतं.

संशोधन काय सांगतं?

दोनच गोष्टी सांगतो.

२०१४ मध्ये संशोधकांनी एडएक्सवरची ६९ लाख व्हिडिओ सेशन तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्म्या वेळा विद्यार्थी सहा मिनिटांच्या आतच बाहेर पडत होते. तेव्हा मामेभावाला झोप येते, यात त्याचा आळस कमी आणि धड्याची लांबी जास्त.

दुसरा प्रयोग २००६ चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांचा. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे धड्यातले प्रश्न केवळ शेवटी मार्क द्यायला नसतात. प्रश्न सोडवणं हेच शिकणं असतं.

मग मी एक धडा बनवून बघितला

बोलणं सोपं असतं, म्हणून मामाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. विषय निवडला 'स्टार-डेल्टा स्टार्टर'. मोठी मोटर एकदम चालू केली तर सुरुवातीला खूप करंट ओढते. म्हणून आधी वाइंडिंग स्टारमध्ये जोडतात. तेव्हा प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक-तृतीयांश होतो. मोटरनं वेग घेतला की डेल्टा.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. मी छान ॲनिमेशन केलं, √३ चं सूत्र फिरवून दाखवलं. मामेभाऊ आणि त्याच्या दोन मित्रांनी बघितलं, "भारी आहे दादा" म्हणाले. मग मी कागदावर सहा टर्मिनल काढून दिले आणि म्हटलं, आता जोडा. तिघंही अडकले. मी मला येतं ते दाखवलं होतं, त्यांना करायचंय ते नाही.

दुसऱ्या दिवशी उलटं केलं. धडा सुरू केला तो तक्रारीनं: "विहिरीवरची मोटर स्टारमध्ये नीट चालू होते, पण डेल्टात गेली की ट्रिप होते. काय काय तपासशील?" आधी त्यांनी अंदाज बांधायचा. मग तीन मिनिटं आवाज आणि आकृती. टायमर फार लवकर पलटतोय का, डेल्टाची जोडणी चुकलीय का, ओव्हरलोड रिलेचं सेटिंग कमी आहे का. मग प्रश्न: स्टार आणि डेल्टाचे काँटॅक्टर एकाच वेळी लागले तर? तिघांपैकी एकानं उत्तर दिलं, "मोटर जोरात फिरेल." खरं उत्तर, फेज-टू-फेज शॉर्ट. म्हणून तर दोघांमध्ये इंटरलॉक असतो. हे चुकीचं उत्तर मोबाईलवर आलं हे बरं झालं. पॅनेलसमोर आलं असतं तर?

वर्कशॉपची जागा मोबाईल घेऊ शकत नाही, हेही तिथेच कळलं. पिळलेली वायर, सैल स्क्रू, गरम झालेल्या कॉइलचा वास हे स्क्रीनवर येत नाही. पण मुलगा वर्कशॉपमध्ये जाण्याआधी आकृती डोक्यात घेऊन गेला, तर तिथला मर्यादित वेळ हातानं काम करण्यात जातो. ऑनलाइन धड्याचं काम मला तेवढंच वाटतं, आणि तेवढं झालं तरी पुष्कळ.

भाषा आणि फाँटची भानगड

मराठीत साहित्य काढतो म्हटलं की दोन चुका होतात.

पहिली, शब्दाला शब्द. 'अर्थिंग' गावातल्या लाइनमनपासून सगळ्यांना कळतं. तिथे 'भूसंपर्कन' लिहिलं की मुलगा मराठी सोडून इंग्रजी पुस्तक उघडतो. आता एआयनं भाषांतर मिनिटात होतं, त्यामुळे हा धोका वाढलाय. मशीननं केलेलं भाषांतर त्या ट्रेडच्या माणसानं वाचल्याशिवाय मुलांपर्यंत जाऊ नये.

दुसरी चूक दिसत नाही. बऱ्याच मराठी नोट्स अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप होतात किंवा स्कॅन होतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फोनसाठी ती एकतर भलतीच अक्षरं असतात किंवा नुसता फोटो. सर्च चालत नाही, कॉपी होत नाही, अंध विद्यार्थ्याला टॉकबॅक काही वाचून दाखवत नाही. शिवाय ए-फोर पान सहा इंचांच्या स्क्रीनवर डावीउजवीकडे ओढत वाचावं लागतं. तेच युनिकोडमध्ये साधं वेबपेज केलं तर अक्षर स्क्रीनप्रमाणे मोठं होतं, आणि सर्व्हिस वर्कर वापरून पान ऑफलाइनही चालवता येतं. माझा धडा असाच आहे: एकदा उघडला की फोनमध्ये राहतो, उत्तरं फोनवरच साठतात, रेंज आली की पाठवली जातात. फडावरच्या मित्रालाही तो चालेल.

सरांची बाजू

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझा आठ मिनिटांचा धडा बनायला दोन दिवस लागले. आयटीआयच्या सरांनी वर्ग, प्रॅक्टिकल, कागदपत्रं सांभाळून हे कधी करायचं? म्हणून मला वाटतं, नव्या योजनांच्या पैशांतून प्रत्येक संस्थेनं स्वतःचं पोर्टल काढू नये. एका ट्रेडचे चांगले धडे एकदाच, त्या ट्रेडचे सर आणि एखादा डेव्हलपर यांनी मिळून बनवावेत, मुलांवर तपासावेत आणि सगळ्यांना मोकळे द्यावेत. केंद्राच्या 'भारत स्किल्स' पोर्टलवर ट्रेडनुसार पुस्तकं, व्हिडिओ आणि प्रश्नसंच आधीच फुकट आहेत. शून्यातून सुरुवात करायची गरज नाही.

तुम्ही काय करू शकता?

कुठलाही कोर्स सुरू करण्याआधी, विशेषतः पैसे भरण्याआधी, हे पाच प्रश्न विचारा:

१. हा धडा संपल्यावर मला नेमकं काय करता येईल, हे पहिल्या मिनिटात सांगितलंय का?
२. दर पाच-सात मिनिटांनी मला काही करायला किंवा आठवायला लावतो का?
३. उत्तर चुकलं तर का चुकलं ते सांगतो, की नुसतं लाल दाखवतो?
४. नेट बंद करून चालतो का? फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बघा.
५. अडलो तर विचारायला खरा माणूस आहे का?

तीनपेक्षा कमी 'हो' आले तर ते रेकॉर्डिंग आहे, धडा नाही. आणि तुमच्याकडे फक्त रेकॉर्डिंगच असेल तर निदान एवढं करा: दर सहा मिनिटांनी थांबवा, वही बंद ठेवून काय कळलं ते लिहा, मग पुढे जा. फुकट आहे आणि वर सांगितलेल्या प्रयोगात ते चाललंय.

मामेभावानं परवा फोन केला होता. वर्कशॉपमध्ये त्यानं स्टार-डेल्टाची जोडणी पहिल्याच वेळी बरोबर केली म्हणे. लगेच पुढची मागणी आली, "आता रिवाइंडिंगचा धडा कर ना दादा." मला रिवाइंडिंग येत नाही. त्यामुळे आता तो आणि त्याचे सर मला शिकवणार आहेत, आणि जिथे मी अडेन तिथून धडा सुरू होईल.