विषाणूंचे अभयपत्र

नाशिकच्या सिंहस्थाच्या तोंडावर गोदावरीचे हिरवे पडलेले पाणी विषाणू सोडून निवळावे, अशी तजवीज एका विद्वान गृहस्थांनी सुचविली असून तिचे सार एवढेच की, शेवाळाचा विषाणू माणसाला बाधत नाही, सबब तो निर्धोक. शेवाळ मरेल, पाणी चकचकीत होईल आणि भाविक निश्चिंतपणे बुडी मारतील!

तो माणसाला बाधत नाही, हे आम्हांस बिनशर्त कबूल आहे. नील-हरित शेवाळाचा विषाणू सॅफरमन आणि मॉरिस यांनी १९६३ साली अमेरिकेतील सांडपाण्याच्या तळ्यातून प्रथम वेगळा काढला, आणि माणसाच्या पेशीशी त्याचे काही देणेघेणे नाही. परंतु मायक्रोसिस्टिससारख्या शेवाळाचे विष, ते जिवंत असेतोवर, बहुतांशी पेशीच्या आतच कोंडलेले असते; विषाणू तीत वाढून तिला फोडून बाहेर पडतो तेव्हा ते विष पाण्यात विरघळते, आणि पेशीसकट जे गाळणीत अडले असते ते आता वाळूच्या थरांतून बिनदिक्कत पार होते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ साली धरणातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकला गेला आणि थोड्याच दिवसांत १४८ माणसे, त्यांत बहुतेक मुलेच, यकृताच्या व मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली. पेशी फुटून मोकळ्या झालेल्या विषावर पुढे त्याचा ठपका आला. पेशी मोरचुदाने फोडली काय नि विषाणूने फोडली काय, पिणाऱ्याला त्याचे काय सोयरसुतक? रामकुंडात बुडी मारणारा घरी निघून जातो. तेच पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरावरून जायकवाडी धरणात उतरते, आणि ते संभाजीनगरकर रोज पितात. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम घातली आहे, हेही आमच्या गृहस्थांच्या खर्ड्यात कोठे आढळत नाही.

शिवाय नाशिककरांच्या डोळ्यांत सलते ती मुख्यतः पानवेल, आणि तिला हा विषाणू शिवतही नाही. विषाणूला दाद न देणारे शेवाळ मागे उरून फोफावते, ते निराळेच.

शीघ्रोपायांची ही हौस या शहराला नवी नाही. गोदावरीतील कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, तेही याच हौसेपोटी. मागाहून तेच काँक्रीट फोडण्यासाठी अर्जफाटे करावे लागले.

मग करावे काय? नासर्डी-वाघाडी या उपनद्यांतून येणाऱ्या मैलापाण्याचा आधी बंदोबस्त करावा, कारण त्यातील स्फुरदावरच शेवाळ पोसते, आणि विषाणूने मारलेले शेवाळ तो स्फुरद पुन्हा पाण्यातच सोडते. विषाणूंचे प्रयोग करावयाचेच तर बंद हौदात करावेत, आणि शेवाळ फुटल्यावरही विषाची मोजणी चालू ठेवावी. ते आकडे निर्दोष निघाले, तर या गृहस्थांच्या अर्जावर आम्हीही सही करू.