‘हिरव्या’ उमेदवाराला विचारायचे चार प्रश्न

बेळगाव : पालिकेच्या निवडणुकीत पर्यावरणाचा मुद्दा घेऊन कुणी उभा राहिला, की आपल्याकडं पहिली चौकशी ठरलेली असते. समितीचा की राष्ट्रीय पक्षाचा? मराठी की कन्नड? झाडं, नाले, तलाव यांची पाळी त्यानंतर, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

बेळगाव महापालिकेत ५८ प्रभाग आहेत. सप्टेंबर २०२१ ची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली आणि भाजपने ३५ जागा जिंकल्या. त्याआधीचा हिशेब भाषेवर चालायचा. भाषेच्या जागी चिन्ह आलं, पण पावसाळ्यात शिवारात शिरणारं पाणी दोन्ही हिशेबांच्या बाहेरच राहिलं. निवडून आलेल्यांना महापौर निवडायलाही फेब्रुवारी २०२३ उजाडला. तोवर सभागृहच बसलं नव्हतं, मग जाब कुणाला विचारणार?

म्हणून ‘हिरवा’ उमेदवार दारात आला, तर त्याच्या वृक्षारोपणाच्या फोटोंवर न जाता चार प्रश्न विचारावेत.

नाला. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातलं भातपीक पाण्याखाली जातं. बेळगावच्या बासमतीचं नाव याच जमिनीमुळं झालं. शहराचं सांडपाणी, गाळ आणि काठावरची अतिक्रमणं यांबद्दल तो काय करणार? गाळ काढण्याचा निधी पावसाच्या आधी खर्च होईल, याची हमी देणार का?

कचरा. शहराचा कचरा तुरमुरीला जातो. आपल्या घरातली घाण दुसऱ्या गावाच्या वेशीवर टाकून शहर स्वच्छ म्हणवून घेणं सोपं आहे. ओला आणि सुका कचरा दारातच वेगळा करायला तो आपल्या प्रभागात लोकांना लावणार का? त्यावरून मतं गेली तरी?

मंडळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनुसार पीओपीच्या मूर्ती टाळायच्या आहेत. हे व्याख्यानात सांगणं सोपं. ज्या मंडळाच्या पोरांच्या जोरावर प्रचार चालतो, त्यांच्या मांडवात उभं राहून तो हेच बोलेल का? खरी कसोटी इथं आहे.

समिती. जैवविविधता कायदा २००२, कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. परिसरातली झाडं, पिकांचे वाण, पाणवठे यांची नोंदवही लोकांना विचारून तयार करणं हे तिचं काम. आपल्या पालिकेची समिती शेवटची कधी बसली, हे उमेदवाराला ठाऊक आहे का?

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवी. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाते, म्हणून शेतकरी कोर्टात गेले. तो रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. म्हादईचं पाणी तर राज्याराज्यांतल्या लवादापर्यंत गेलेलं. ही दोन्ही कामं नगरसेवकाच्या हातातली नव्हेत. ‘मी बायपास रद्द करून दाखवतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘ते माझ्या अधिकारात नाही, पण सभागृहात ठराव मांडीन आणि नाल्याचा गाळ काढून घेईन’ म्हणणारा जास्त भरवशाचा.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय आहेत. पर्यावरणाचं संरक्षण त्यातलाच एक. जैवविविधता समितीचा नियम गोव्यातल्या पंचायतीला लागू आहे, तसाच वडोदरा आणि इंदूरच्या पालिकांनाही. तेव्हा सीमेच्या कुठल्याही बाजूला तुमचं मत असो, हे प्रश्न तिथंही चालतील.

भाषेचा हक्क सोडा, असं कुणी म्हणत नाही. मराठीतून परिपत्रक मिळायलाच हवं. पण जिचा सातबारा मराठीत मागायचा, ती जमीनही पाण्याखाली जाता कामा नये. दोन्ही मागण्या एकाच उमेदवारापुढं ठेवायला काय हरकत आहे?