पंचाची चूक आणि वृत्तपत्रांचे कर्तव्य

क्रीडांगणावरील अन्यायाला क्षुल्लक मानण्याची आपल्याकडे रीत आहे. खेळ तो खेळ, त्यातील हारजीत किती मनाला लावून घ्यायची, असे म्हणून जाणती माणसे वृत्तपत्राचे क्रीडापृष्ठ बाजूला सारतात. परंतु पंचाच्या एका निर्णयाने राष्ट्रीय संघाची वाट बंद होते, सारा देश तो अन्याय डोळ्यांनी पाहतो आणि वृत्तपत्रे एकमुखाने निषेध करतात, तेव्हा हा विषय केवळ क्रीडापृष्ठाचा राहत नाही. निर्णय देणारा चुकला तर दाद कोणाकडे व कशी मागावी, हा प्रश्न त्यामागे उभा असतो. आणि तो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला, गोपनीय अहवालातील शेऱ्याने बढती हुकलेल्या कारकुनाला व एका गुणाने नापास झालेल्या विद्यार्थ्याला सारखाच परिचयाचा आहे.

११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारत आणि कतार यांच्यात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या आशियाई पात्रता फेरीतील सामना झाला. कतार त्या वेळी आशियाई विजेता होता आणि त्याचा पुढील फेरीतील प्रवेश आधीच निश्चित झाला होता. भारताला मात्र विजय आवश्यक होता. लालियनझुआला छांगटे याने ३७ व्या मिनिटाला गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली आणि ती ७३ व्या मिनिटापर्यंत टिकली. त्या मिनिटाला कतारच्या एका खेळाडूचा फटका गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अडविला, चेंडू गोलरेषेपलीकडे गेला आणि भारतीय खेळाडू क्षणभर थबकले. तेवढ्यात एका कतारी खेळाडूने तो पायाने आत ओढला व युसुफ आयमेन याने जाळ्यात धाडला. दक्षिण कोरियाच्या पंचाने गोल दिला. ८५ व्या मिनिटाला अहमद अल रावी याने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. भारत जिंकला असता तर आठ गुणांसह सात गुण मिळविणाऱ्या कुवेतच्या पुढे गेला असता आणि पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच पोचला असता. त्या फेरीबरोबर २०२७ च्या आशियाई चषकातील प्रवेशही हाती येणार होता.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणी वाहिन्यांनी जो संताप व्यक्त केला, तो रास्तच होता. चेंडू जमिनीवरून वा हवेतून पूर्णपणे रेषेपार गेला की खेळ थांबतो, हा नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. चित्रफितीत तो भंग झालेला स्पष्ट दिसत होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सामना आयुक्ताकडे तक्रार नोंदविली, जागतिक व आशियाई संघटनांकडे चौकशीची मागणी केली आणि झालेल्या हानीची भरपाई करण्याचा मार्ग शोधावा, असेही सुचविले. परंतु निकाल होता तसाच राहिला. सात दिवसांच्या आत प्रशिक्षक इगॉर स्टिमाच यांना दूर करण्यात आले आणि वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे वळले. पंचाच्या चुकीचा विषय तेथेच संपला.

तो तेथेच संपावा काय, हा खरा प्रश्न आहे.

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमांत गोल झाला की नाही यासारख्या खेळातील वस्तुस्थितीविषयीचा पंचाचा निर्णय अंतिम मानलेला आहे. पंचाला डोळ्यांनी चुकीचे दिसले, तर ती चूक मैदानावरच संपते. पंचाने नियमच चुकीचा लावला, तर मात्र दाद मागता येते. हा भेद एका जुन्या प्रकरणाने स्पष्ट होतो. सप्टेंबर २००५ मध्ये उझबेकिस्तान व बहारीन यांच्यातील पात्रता सामन्यात उझबेकिस्तानला पेनल्टी मिळाली. फटका मारण्यापूर्वी त्यांचाच एक खेळाडू आत घुसल्याने ती पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंचाने त्याऐवजी बहारीनला फ्री किक दिली. ही नियमाची चूक ठरली आणि सामना पुन्हा खेळविला गेला. मौज अशी की उझबेकिस्तानने पहिला सामना १-० असा जिंकला होता. पुन्हा झालेला सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि अखेर बहारीन पुढे गेला. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच दाद मागणे महाग पडले.

दुसरा अपवाद दक्षिण आफ्रिका व सेनेगल यांच्यातील नोव्हेंबर २०१६ च्या सामन्याचा. तेथे पंचाने हेतुपुरस्सर खोटा निर्णय दिल्याचे सिद्ध झाले. त्याला आजन्म बंदी झाली आणि २०१७ मध्ये सामना पुन्हा घेण्यात आला. दोह्यातील प्रकरण या दोहोंपैकी कशातही बसत नव्हते. हेतूचा पुरावा नव्हता आणि नियमाचा अर्थही चुकला नव्हता; चुकली होती ती नजर. म्हणून सामना पुन्हा खेळवा, ही मागणी भावनेला पटणारी असली तरी पहिल्या दिवसापासूनच निष्फळ होती. वृत्तपत्रांनी वाचकाला हे समजावून सांगावयास हवे होते. ते न झाल्याने महासंघाने पत्र धाडले म्हणजे काहीतरी घडेल, असा समज पसरला. आणि काहीच घडले नाही, तेव्हा सारे जग आपल्याविरुद्ध आहे, ही कडवट भावना तेवढी मागे उरली.

निषेध केव्हा फळतो?

निषेध व्यर्थ असतो, असा याचा अर्थ नाही. २७ जून २०१० रोजी ब्लूमफाँटेन येथे विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडला. पंचांनी गोल दिला नाही. इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी रान उठविले. तोपर्यंत यंत्राच्या साहाय्याला विरोध करणाऱ्या जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, २०१२ मध्ये गोलरेषेवरील तंत्रास मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले. त्या दिवशीचा गोल इंग्लंडला परत मिळाला नाही. पुढच्या सर्वांसाठी मात्र व्यवस्था बदलली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडला मिळालेला तिसरा गोलही असाच आडव्या खांबाला लागून खाली पडलेल्या चेंडूचा होता. त्यावर जर्मनीत कित्येक दशके वाद चालला; इंग्लंडमध्ये मात्र तो विजयोत्सवाचा भाग झाला. तेव्हाच इंग्लंडने तो प्रश्न हाती घेतला असता तर?

आपलाही हिशेब याहून निराळा नाही. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत पंचांच्या चुकांमुळे भारत हरला म्हणून देशभर उद्रेक झाला. स्टीव्ह बकनर यांना पुढच्या पर्थ कसोटीतून दूर करण्यात आले. त्याच वर्षी श्रीलंकेतील मालिकेत निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत प्रथम आजमावली गेली, तेव्हा भारतीय संघाला ती मानवली नाही. आणि आपल्या क्रिकेट मंडळाने तिला दीर्घकाळ विरोध केला. मायदेशी इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ती स्वीकारायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. सिडनीच्या अन्यायाने पेटून उठलेल्या किती लेखण्या या आठ वर्षांत आपल्याच मंडळाविरुद्ध तितक्या तडफेने चालल्या?

याउलट एक उदाहरण अनुकरणीय आहे. यजमान देशाचेच पंच असण्याच्या पद्धतीवर वारंवार आक्षेप येत, तेव्हा १९८६ मध्ये पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी व्ही. के. रामस्वामी व पिलू रिपोर्टर या दोन भारतीय पंचांना बोलाविले. पाकिस्तान त्या कसोटीत डावाने हरला. पण पंचांकडे बोट दाखविण्यास कोणाला जागा राहिली नाही. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या रिपोर्टर यांच्यासारख्या पंचावर शेजारच्या देशाने विश्वास टाकला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे असण्याची प्रथा कसोटी क्रिकेटमध्ये रुळली. स्वतःची सोय सोडण्याची तयारी दाखविली, म्हणून तो आग्रह जगाने मानला.

आपल्याच आखाड्यातील प्रसंग

दोहा दूर आहे. सोलापूर जिल्ह्याला हाच प्रश्न त्याआधी दीड वर्ष फार जवळून भेटला होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात मोहोळ तालुक्यातील सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही याच जिल्ह्याचे. महेंद्रने टाकलेल्या बाहेरील टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि तेथून वादाला तोंड फुटले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे होते. चित्रफीत घरोघरी फिरली, प्रत्येक जण पंच झाला आणि शेवटी खऱ्या पंचाला दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिकंदरने महाराष्ट्र केसरीची गदा पटकाविली आणि वाद विरला. पण व्यवस्थेत काय सुधारले, हे विचारण्यास कोणी थांबले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत त्याचे फळ दिसले. चीतपट झाल्याचा निर्णय अमान्य असलेल्या शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने गुणाच्या वादावरून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली.

लाथ मारणे निंद्यच. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण मल्लाला दाद मागण्याचा जो मार्ग नियमाने असतो, तो वेळीच व विश्वासार्हपणे उपलब्ध झाला नाही, की तो स्वतःचा मार्ग शोधतो, हेही तितकेच खरे. विद्यापीठांनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन देण्यास प्रारंभ केला, तेव्हा परीक्षकांच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी भीती व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात तपासणीची सोय असलेला परीक्षक अधिक निर्धास्त असतो; कारण त्याची चूक दुरुस्त होऊ शकते. पंचाचेही तसेच आहे.

खर्च कोणी सोसावा?

येथे अर्थकारणाचा प्रश्न येतो. चित्रफितीवरून निर्णय तपासणाऱ्या पंचांची व्यवस्था, जिला व्हीएआर म्हणतात, ती खर्चिक असते. मैदानावर पुरेसे कॅमेरे लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणून आशियाई पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत ती नव्हती. ती तिसऱ्या फेरीपासून होती. म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दुबळ्या संघांना चूक सोसावी लागते आणि आत पोचलेल्यांना तपासणीची सोय मिळते. ज्याला चूक परवडत नाही, त्याच्याच माथी ती मारणारी ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत जागतिक संघटनेचे उत्पन्न साडेसात अब्ज डॉलरहून अधिक होते. पैसा नाही, ही सबब तिला शोभत नाही.

परंतु हाच प्रश्न घरीही विचारला पाहिजे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरू येथे इंडियन सुपर लीगच्या सामन्यात सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवरील गोल पंचाने ग्राह्य धरला, म्हणून केरळचा संघ मैदान सोडून गेला. महासंघाने त्या संघाला चार कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर व्हीएआरच्या स्वस्त आवृत्तीची चर्चा झाली. पण २०२४ व २०२५ चे हंगाम तिच्याविना पार पडले. स्वतःच्या स्पर्धेत जी सोय आपण करू शकलो नाही, ती नसल्याबद्दल दोह्यात आक्रोश करताना आपला आवाज थोडा कापरा व्हावयास हवा होता.

आणखी एक गोष्ट त्या आक्रोशात झाकली गेली. दोह्याच्या अडीच महिने आधी, २६ मार्च २०२४ रोजी, गुवाहाटीत अफगाणिस्तानने भारताला २-१ असे हरविले होते. ६ जूनला कोलकात्यात, छेत्रीचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना म्हणून तेव्हा जाहीर झालेल्या लढतीत, कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली होती. या दोन सामन्यांतील गुण पंचाने हिरावले नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला हरविले आणि आशियाई चषकाचे उरलेले दारही बंद झाले. त्या पराभवाला दोह्यातील चूक कारण नव्हती. पंचाचा अपराध महासंघासाठी सोयीचा आडपडदा ठरतो, तेव्हा त्या पडद्याला हात घालणे हेही वृत्तपत्रांचेच काम असते.

तेव्हा निषेध करावाच. मात्र तो कशासाठी, हे ठरवून करावा. पंचाच्या व्यक्तीवर, त्याच्या देशावर वा हेतूवर पुराव्यावाचून शिंतोडे उडवू नयेत. पात्रता स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून तपासणीची सोय असावी, पंचांच्या कामगिरीचा अहवाल प्रसिद्ध व्हावा, आणि हेच नियम आपल्या लीगला व आपल्या कुस्तीच्या आखाड्याला लागू व्हावेत, अशी मागणी धरून ती निकालाच्या दुसऱ्या दिवसानंतरही चालू ठेवावी. पंचाची चूक आपल्या पथ्यावर पडते, त्या दिवशीही तीच मागणी त्याच पृष्ठावर छापली गेली, तर दोह्यात झालेल्या अन्यायाबद्दल बोलण्याचा आपला अधिकार कोणालाही नाकारता येणार नाही.