हवेला हद्द कोणती?

पावसाळा सरला की मुंबईच्या आकाशावर धुरकट पडदा पसरू लागतो आणि महापालिकेच्या कारभाराची झाडाझडती सुरू होते. २०२३ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी नियमावली काढली. हे उपाय आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु ज्या हवेसाठी ही धडपड चालली आहे, ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहते तरी किती वेळ, याचा विचार क्वचितच होतो.

खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा आपण सर्वांनीच शाळेत गिरविलेला आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो. तो मुंबईचा धूर व धूळ उचलून खाडीपलीकडे ठाणे, नवी मुंबई, कल्याण यांच्या दिशेने नेतो. पुढे पारसिकचे डोंगर आणि त्यांच्यामागे सह्याद्रीची भिंत उभी. रात्री जमीन निवते, वारा उलटतो आणि पूर्वेकडील कारखान्यांचा व कचराभूमींचा धूर मुंबईकडे परत येतो. हिवाळ्यात त्यात भर पडते. जमिनीलगतची हवा थंड व जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि वारा मंदावला की सारे आतच कोंडून राहते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईची हवा दिल्लीहूनही वाईट झाली. समुद्रकाठच्या शहराला वारा तारून नेईल, या भरवशाचा फोलपणा तेव्हा पुरेसा दिसून आला.

ही एकच हवा मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, वसई-विरार, मीरा-भाईंदर आणि पनवेल अशा नऊ महापालिकांवरून फिरते. तिचा बंदोबस्त मात्र नऊ कचेऱ्यांत वाटलेला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमानेही शहर हाच घटक धरला. परिणामी एका शहराने हाकललेला उद्योग शेजारच्या शहरात जातो आणि पहिले शहर स्वतःस शुद्ध समजते. कारखाना हलविता येतो. वाऱ्याची वाट हलविता येत नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळ आहेच, असे कोणी म्हणेल. परंतु कारखान्यास संमती देणे व त्याची तपासणी करणे वेगळे आणि नऊ शहरांचे रस्ते, बांधकामे, भट्ट्या व कचरा यांचा एकत्र हिशेब मांडून प्रत्येकाचा वाटा ठरविणे वेगळे. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस डोंगर असलेल्या लॉस एंजेलिसला हाच धडा शिकावा लागला. तेथे १९४७ साली एका जिल्ह्यापुरते धूरनियंत्रक मंडळ निघाले. ते अपुरे ठरल्यावर १९७७ पासून चार जिल्ह्यांचा कारभार एका मंडळाकडे गेला. आपल्याकडे दिल्ली व शेजारच्या राज्यांसाठी २०२१ साली कायद्याने आयोग नेमला गेला. त्याने दिल्लीचा श्वास मोकळा केला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण तेथे अनेक राज्यांची मने वळवावी लागतात. येथे सर्व नऊ शहरे एकाच राज्य सरकारच्या छत्राखाली आहेत. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यान्वये नियंत्रणक्षेत्र जाहीर करण्याचा अधिकारही राज्य सरकारलाच आहे. तेव्हा अडचण अधिकाराची नसून इच्छेची आहे.

राज्य सरकारने संपूर्ण महानगर प्रदेशाच्या हवेसाठी एकच जबाबदार यंत्रणा नेमावी, तिच्या हाती पैसा व दंडाचा अधिकार द्यावा आणि प्रत्येक शहराचा वाटा जनतेसमोर मांडावा, अशी आमची मागणी आहे. श्रीमंतास खिडक्या लावून घेता येतात. रस्त्यावर राबणाऱ्यास आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलास ती सोय नाही. त्यांच्या फुप्फुसांत शिरणारा धूर कोणत्या महापालिकेचा, हा वाद त्यांच्या काय कामाचा?