हौसेला मोल नाही?

परवा आमच्या ऑफिसात एक सीन झाला. शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राने चार दिवसांची रजा मागितली. कारण? राज्य नाट्य स्पर्धा. त्याचं नाटक हौशी गटात होतं. बॉसने आधी अर्जाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हॉबी वीकएंडला करायची असते. बी प्रोफेशनल!"

रजा मिळाली, पण दोनच दिवसांची. मित्राने खांदे उडवले आणि कॉफी मशीनकडे गेला. माझ्या डोक्यात मात्र ते 'बी प्रोफेशनल' दिवसभर वाजत राहिलं. कारण मला रजा मागायला लाजणारा आणखी एक पोरगा आठवला. वय वर्षं २०, नोकरी क्रीडासाहित्याच्या दुकानात, साल १९१३. नाव फ्रान्सिस विमेट.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? टोपी घातलेले रिटायर्ड साहेब, मागे बॅग उचलणारा पोरगा आणि आपल्या वर्षभराच्या पगाराइतकी क्लबची फी. फ्रान्सिस या चित्रातला बॅग उचलणारा पोरगा होता. अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रुकलाइन नावाचं गाव आहे. तिथे 'द कंट्री क्लब' हा बड्या लोकांचा क्लब आणि रस्त्याच्या पलीकडे विमेट कुटुंबाचं घर. वडील कॅनडातून आलेले, अंगमेहनतीची कामं करणारे. पोराचं गोल्फचं वेड त्यांना साफ नामंजूर होतं. (ओळखीचं वाटतंय ना?) फ्रान्सिस क्लबात कॅडी म्हणून राबायचा, हरवलेले बॉल गोळा करायचा आणि मिळेल त्या स्टिकने प्रॅक्टिस करायचा. पुढे शाळा अर्धवट सोडून तो नोकरीला लागला.

सप्टेंबर १९१३ मध्ये यूएस ओपन, म्हणजे आजच्या चार मेजरपैकी एक, नेमकी त्याच्या घरासमोरच्या मैदानावर आली. आयोजकांनीच त्याला नाव द्यायचा आग्रह केला. पण पठ्ठ्याने आधीच एका स्पर्धेसाठी सुट्टी घेतली होती, पुन्हा कुठल्या तोंडाने मागणार? फार तर प्रेक्षक म्हणून डोकावून येऊ, असा त्याचा विचार. दुकानातल्या साहेबाने मात्र खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव वाचलं आणि नाव आलंय तर आता खेळच, असं सांगून टाकलं. मंडळी, या साहेबाचा फोटो प्रत्येक एचआर डिपार्टमेंटमध्ये लावायला हवा!

समोर कोण होतं? हॅरी व्हार्डन, तोपर्यंत पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला इंग्लिश दादा. आणि टेड रे, १९१२ चा ब्रिटिश ओपन विजेता. दोघेही अस्सल प्रोफेशनल. विमेटच्या बाजूला कोण? एडी लाउरी नावाचा दहा वर्षांचा कॅडी, जो शाळेला दांडी मारून आला होता. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर ७२ होल संपले तेव्हा तिघांचे स्ट्रोक सारखेच, ३०४. दुसऱ्या दिवशी १८ होलचा प्लेऑफ ठरला. एवढ्या मोठ्या मॅचला हा चिमुरडा कॅडी नको, असं काहींनी सुचवून पाहिलं. एडीचा चेहरा रडवेला झाला आणि विमेटने त्यालाच ठेवलं.

प्लेऑफमध्ये अर्ध्या वाटेवर तिघेही ३८ वर बरोबरीत होते. मग विमेट पुढे सरकला आणि पुन्हा मागे आलाच नाही. विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८. सतरावं होल त्याच्या घराच्या अगदी समोर, आणि तिथेच त्याने व्हार्डनची उरलीसुरली आशा संपवली. गर्दीने त्याला खांद्यावर उचललं. यूएस ओपन जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू.

इथपर्यंत स्टोरी एकदम पिक्चरसारखी आहे, आणि २००५ मध्ये डिस्नेने खरंच त्यावर पिक्चर काढला. मला खिळवून ठेवतो तो मात्र पुढचा भाग.

त्या काळात 'प्रोफेशनल' हा शब्द कौतुकाचा नव्हता, बॉस! उलट होता. हौशी म्हणजे जंटलमन, ज्याला पैशांची गरज नाही. प्रोफेशनल म्हणजे क्लबचा नोकर, जो खेळून किंवा शिकवून पोट भरतो. बऱ्याच क्लबांत प्रोफेशनल खेळाडूंना क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. १९२० साली ओहायोमधल्या इन्व्हरनेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी त्यांच्यासाठी दार उघडलं, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. आपण व्हिजिटिंग कार्डावर मिरवतो तो शब्द तेव्हा मागच्या दाराचा होता.

आणि विमेट? १९१६ मध्ये अमेरिकन गोल्फ असोसिएशनने त्याचं हौशीपणच काढून घेतलं. गुन्हा काय, तर त्याने क्रीडासाहित्याचा धंदा सुरू केला होता. म्हणजे त्याच्या नावाचा आणि खेळाचा धंद्याला फायदा होणार, असं त्यांचं लॉजिक. खेळाचं बक्षीस म्हणून त्याने पैसे घेतले नव्हते. तो बॅटी, बॉल, स्टिक विकून पोट भरत होता, इतकंच. ज्याच्या बापाची इस्टेट आहे त्याला असला प्रश्न कधी पडतच नाही. तो सकाळी उठतो, खेळतो आणि आयुष्यभर शुद्ध हौशी राहतो. पहिलं महायुद्ध आलं, विमेट सैन्यात गेला, तेव्हा १९१८ मध्ये त्याला हौशीपण परत मिळालं. त्यानंतर त्याने बॉस्टनमध्ये नोकरी-व्यवसाय केला आणि खेळ हौशीच ठेवला.

आता दुसरी गोष्ट. मॉलमध्ये सेल लागला की आपण ज्या मगरीच्या टी-शर्टभोवती घुटमळतो आणि प्राइस टॅग बघून पुढे सरकतो, ती मगर म्हणजे रने लाकोस्त. फ्रान्सचा टेनिस चॅम्पियन, टोपणनाव 'मगर', १९३३ पासून शर्टांचा धंदा. आई सिमोन स्वतः ब्रिटनची महिला हौशी विजेती. या दोघांची मुलगी कॅथरीन १९६७ मध्ये व्हर्जिनियात यूएस विमेन्स ओपन खेळायला गेली. वय जेमतेम २२. शेवटच्या दिवशी तिचा खेळ गडगडला, ७९ स्ट्रोक लागले. तरीही दोन स्ट्रोकने ती जिंकली! महिलांची यूएस ओपन जिंकणारी ती आजवरची एकमेव हौशी खेळाडू. ती पुढेही कधी प्रोफेशनल झाली नाही. १९६९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या हौशी स्पर्धा एकाच वर्षात मारल्या.

कॅथरीनच्या जिगरीला शंभर टक्के सलाम. पण तिला पैसे नाकारणं परवडत होतं, हेही खरं. घरात मगर होती ना!

तिसरी गोष्ट अगदी ताजी. जानेवारी २०२४, कॅलिफोर्निया. मेजर नव्हे, पण पीजीए टूरची बडी स्पर्धा. अलाबामा युनिव्हर्सिटीत शिकणारा २० वर्षांचा निक डनलॅप शेवटच्या होलवर सहा फुटांचा पट घालतो आणि एका स्ट्रोकने जिंकतो. १९९१ मधल्या फिल मिकेलसननंतर या टूरवर जिंकलेला तो पहिला हौशी. पहिलं बक्षीस होतं १५ लाख १२ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेबारा कोटी रुपयांच्या घरात. ते गेलं कुणाला? दुसऱ्या आलेल्या क्रिस्तियान बेझुइडेनहाउटला! हौशी खेळाडूंसाठी २०२२ पासून नियम सैल झालेत, जाहिराती आणि स्पॉन्सर चालतात, पण असलं बक्षीस नाही म्हणजे नाही. डनलॅपने चारच दिवसांत जाहीर केलं, की आपण प्रोफेशनल होतोय. त्याच जुलैमध्ये प्रो म्हणून पहिली स्पर्धाही जिंकली.

तेव्हा काहींनी हळहळ व्यक्त केली, की पोरगं लगेच पैशाच्या मागे गेलं. मला नाही तसं वाटत. साडेबारा कोटी डोळ्यांदेखत शेजाऱ्याच्या खात्यात गेल्यावर आपण किती वेळ 'हौस, हौस' करत बसलो असतो? मी तर चार दिवससुद्धा थांबलो नसतो.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. तिघांच्या गोष्टी वाचल्यावर वाटतं, मोल आहे. फक्त ते कोण भरतं, एवढाच प्रश्न. कॅथरीनचं घराण्याने भरलं. डनलॅपने एकदा भरलं आणि हिशेब मिटवला. विमेटने स्वतःच्या खिशातून हप्त्याहप्त्याने भरलं. १९३३ मधल्या जॉनी गुडमननंतर पुरुषांची एकही मेजर हौशी खेळाडूने जिंकलेली नाही. गुण आटले असं नाही. पण इतका चांगला खेळणारा माणूस आता फार काळ हौशी राहतच नाही.

आणि विमेटचं नाव आज कशावर आहे, माहितीय? १९४९ पासून चालणाऱ्या एका स्कॉलरशिप फंडावर. गोल्फ क्लबांत कॅडी म्हणून किंवा इतर कामांवर राबणाऱ्या पोरांच्या कॉलेजची फी त्यातून भरली जाते. ज्याला हौसेची किंमत कळली होती, त्याच्याच नावाने दुसऱ्यांचं बिल भरलं जातंय.

हे सगळं मी त्या मित्राला कॉफी मशीनजवळ ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या विमेटच्या साहेबाचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

नंबर काही नाही. पण त्याच्या प्रयोगाला आमचा अख्खा फ्लोअर जाणार आहे. तो पास देत होता. आम्ही म्हटलं, अजिबात नको, तिकीट काढून येणार.