दुकानदारांचे वाङ्मय

व्यापाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करावी, यात नवल नाही आणि पापही नाही. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे मोतीही पडून राहतात, हे आपले लोक फार पूर्वीपासून ओळखून आहेत. मोंढ्यात अडत्याने उच्च स्वराने भाव पुकारावा, कापडवाल्याने पैठणीचा पदर गिऱ्हाइकापुढे उलगडून दाखवावा, भांडेवाल्याने तपेल्यावर टिचकी मारून त्याचा नाद ऐकवावा. हा सारा व्यवहार उघड्यावर चालतो. विकणारा कोण व घेणारा कोण हे दोघांसही पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच गिऱ्हाईक कनवटीची गाठ सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करते. परंतु अलीकडे व्यापाऱ्याने निराळेच सोंग घेतले आहे. त्याने तागडी बाजूस ठेवून लेखणी उचलली आहे. तो आता माल खपवीत नाही. तो शंकानिरसन करतो. गृहिणीस पाककृती सांगतो, तरुणीस त्वचेची निगा शिकवितो, शेतकऱ्यास पिकावरील रोग ओळखून देतो. आंतरजालावरील दुकानांनी निर्माण केलेले हे वाङ्मय सुशिक्षित कुटुंबांत रोज वाचले जात असता टीकाकारांनी त्याकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

फ्लिपकार्टचे दुकान २००७ साली उघडले. अॅमेझॉनचे भारतातील दुकान २०१३ साली. आज भोकरसारख्या तालुक्याच्या गावीही त्यांची पार्सले येऊन पडतात, आणि जी वस्तू पूर्वी नांदेडास गेल्यावाचून मिळत नसे ती घरबसल्या हाती येते. ही सोय मोठी आहे. ती नाकारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या दुकानांस एक अडचण जन्मतःच चिकटलेली आहे. पेठेतील दुकानापुढून रस्ता जातो, आणि जाणारा-येणारा सहज थबकतो. आंतरजालावरील दुकानापुढून रस्ता जात नाही. तो दुकानदारास स्वतः बांधावा लागतो, आणि त्याची खडी म्हणजे शब्द. मनुष्य एखादा प्रश्न मनात घेऊन आंतरजालावर शोध करू लागतो. 'केस का गळतात?', 'पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे?', 'कपाशीची पाने लाल का पडतात?' असे ते प्रश्न. कोणते प्रश्न किती लोक विचारतात याची मोजदाद दुकानदाराजवळ असते, आणि त्या त्या प्रश्नाच्या तोंडी त्याने एकेक लेख बसवून ठेवलेला असतो. लेखाचा आरंभ वैद्यासारखा, मध्य शिक्षकासारखा, आणि शेवट मात्र हमखास गल्ल्यापाशी. वाचक कोठवर वाचीत गेला, कोठे थांबला, कशावर बोट ठेवले, याचीही नोंद होते; पुढे आठवडाभर तीच वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर नाचत राहते.

ही काही चार-दोन दुकानांची लहर नव्हे. प्रसाधने विकणाऱ्या नायकाने २०१२ साली दुकान मांडले व त्याच्या जोडीला सौंदर्यविषयक लेखांचे स्वतंत्र दालन चालविले. अॅमेझॉनने तर १९९६ सालीच अशी तजवीज केली की, कोणीही आपल्या लेखात तिच्या मालाचा दुवा द्यावा, आणि त्या वाटेने गिऱ्हाईक आल्यास दलाली घ्यावी. म्हणजे दुकानदार स्वतः लेखक झाला, आणि लेखक त्याचा दलाल झाला.

आता न्यायबुद्धीने बोलावयाचे तर हे लेख सरसहा खोटे असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांतील पुष्कळसा मजकूर खरा असतो. कित्येक लेख सुबोध असतात, आणि विद्यापीठीय पुस्तकांतील मराठीपेक्षा त्यांची मराठी अधिक वाचनीय असते. आमचा आक्षेप असत्यावर नाही, मौनावर आहे. सल्लागाराच्या अंगी सल्लागारपण आणणारे एक वाक्य आहे, आणि ते म्हणजे 'घेऊ नका'. 'तुम्हांस या औषधाची गरज नाही', 'जुने यंत्र आणखी पाच वर्षे चालेल', 'ही वस्तू घरीच करता येते', ही सारी त्याच वाक्याची रूपे होत. चांगला वैद्य ते वाक्य बोलतो, चांगला वकीलही बोलतो, आणि बोलून स्वतःची फी गमावतो. दुकानदाराच्या लेखात हे वाक्य येणे त्याच्या धंद्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. ते आलेच तर ती त्याची मर्जी. आणि दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले सत्य हा ज्ञानाचा भरवशाचा आधार नव्हे.

आमच्या भागातील उदाहरण घेऊ. भोकर तालुका कापूस-सोयाबीनचा. येथील शेतकऱ्याच्या हाती आता भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर पीकसल्ला आहे. पुण्यातून चालणाऱ्या ॲग्रोस्टारसारख्या संस्था शेतकऱ्यास त्याच्या भाषेत सल्ला देतात आणि त्याच ठिकाणी बियाणे व औषधेही विकतात. कोणा एका संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. प्रश्न रचनेचा आहे. कृषिशास्त्र शेतकऱ्यास काय सांगते? गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात ८ पतंग सापडले, किंवा शंभरांत १० फुले-बोंडे किडलेली आढळली, तरच औषध फवारा, तोवर थांबा. आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा, तो घरी तयार होतो. डिसेंबरनंतर फरदड घेऊ नका. सोयाबीन हे स्वपरागित पीक आहे, सबब घरचे बियाणे चालते. शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून पाहा, सत्तर उगवले तर दुकानाची पायरी चढण्याचे कारण नाही. या उपदेशातील बहुतेक प्रत्येक वाक्य 'थांबा', 'घरी करा', 'घेऊ नका' असे सांगणारे आहे, आणि कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यात ते एक पैही टाकीत नाही. शेतीतील सर्वांत मोलाचे ज्ञान हे असे फुकटचे आहे, आणि म्हणूनच ते विकणाऱ्याच्या लेखणीतून उतरण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

ही केवळ चार पैशांची गोष्ट नव्हे. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीची दाणादाण केली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. अनावश्यक फवारा हा नुसता वाया गेलेला खर्च नसतो. तो कोणाच्या तरी छातीत जातो.

यावर कोणी म्हणेल, गावातील कृषि सेवा केंद्राचा मालकही सल्ला देतो व औषधही विकतो. मग त्यात आणि यात भेद तो काय? भेद आहे. गावचा दुकानदार साधुपुरुष असतो असे आम्ही म्हणणार नाही. टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारण्यात तोही वाकबगार आहे. पण त्याची उधारी त्याच पिकावर फिटावयाची असते. पीक बुडाले तर त्याचेही पैसे बुडतात, आणि पुढल्या हंगामात त्याच गिऱ्हाइकाचे तोंड त्यास पाहावे लागते. आंतरजालावरील सल्लागारास तोंडच नाही.

सुशिक्षित घरांची स्थिती याहून वेगळी आहे असे समजण्याचे कारण नाही. पाणी गाळण्याच्या आरओ यंत्राचेच पाहावे. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर या यंत्राची गरज नसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली अशा ठिकाणी त्याच्या वापरास बंदी घालण्याचा आदेशही दिला होता. आता वाचकांनी आपल्या ओळखीच्या घरांत चौकशी करावी, की यंत्र भिंतीवर चढविण्यापूर्वी घरच्या पाण्यातील क्षार किती जणांनी मोजून घेतले होते. यंत्रांची तुलना करणारे लेख सर्वांनी वाचलेले असतात. यंत्र हवे की नको, हा लेख मात्र कोणाच्या वाचनात आलेला नसतो.

आमच्या विधानावर जाणत्या वाचकाचा सर्वांत बळकट आक्षेप पुढीलप्रमाणे येईल. तो म्हणेल की, मराठी मासिकांचा इतिहास आपण विसरता. 'किर्लोस्कर' हे मासिक तरी कोठून निघाले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यातच आमचा मुद्दा स्पष्ट होतो. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने ज्या शेतकऱ्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम दूर लोटला, त्यांच्याच प्रांतात १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता लोकांपर्यंत नेणे हा त्याचा मूळ उद्देश होता. परदेशांतही हेच घडले. नांगर करणाऱ्या जॉन डीअरच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले. मोटारींचे टायर विकणाऱ्या मिशेलिनने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापली. तेव्हा व्यापाऱ्याने लेखणी धरूच नये, असे म्हणणारा मनुष्य इतिहासाचा अज्ञ ठरेल.

परंतु या उदाहरणांत काय घडले ते नीट पाहावे. 'किर्लोस्कर खबर' या नावातच मालकाचे नाव होते. वाचकास चकवा नव्हता. पुढे 'खबर' हा शब्द गळाला आणि मासिकात सामाजिक सुधारणा, विज्ञानदृष्टी, कथा, चित्रकला यांस स्थान मिळाले. १९३० साली निघालेल्या 'स्त्री' मासिकाने स्त्रियांच्या प्रश्नांची चर्चा घरोघरी नेली. त्या चर्चेने एक नांगर अधिक खपला नसेल. मिशेलिनने आपली मार्गदर्शिका प्रथम फुकट वाटली. १९२० साली मात्र तिला किंमत लावली आणि पैसे घेऊन छापलेल्या जाहिराती तीतून काढून टाकल्या. वाचक पैसे देऊ लागला की संपादकाचा धनी बदलतो. वर्गणीदार हा धनी झाला, म्हणून 'किर्लोस्कर' कारखान्याच्या फाटकाबाहेर पडू शकले. आजच्या दुकानाचा लेख फुकट असतो; आणि ज्याची किंमत वाचक देत नाही त्याची किंमत दुसरा कोणी तरी देत असतो, व धनीही तोच असतो. जुन्या व्यापाऱ्याने दुकानातून मासिक काढले. नव्याने मासिकाचे दुकान केले.

दुसरा आक्षेप असा की, यासाठी कायदा आहे. आहे खरा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाचे अभिप्राय लिहू नयेत, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. फसव्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली आली, आणि दिशाभूल केल्यास १० लाख, पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कायदा खोटे बोलणाऱ्यास पकडतो, भाड्याने स्तुती करणाऱ्यास पकडतो. गप्प बसणाऱ्यास कोणत्या कलमाखाली पकडावे? 'घेऊ नका' हे वाक्य न लिहिणे हा गुन्हा नाही, व तो व्हावा असेही आम्ही म्हणत नाही. ते वाक्य लिहिणारा दुसरा कोणी समाजात असला पाहिजे, इतकेच आमचे म्हणणे.

आणि येथेच खरी दुःखाची गोष्ट आहे. छापील मराठी शब्दावर आपल्या लोकांचा जो विश्वास आहे तो दुकानदारांनी कमावलेला नाही. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, चालले. 'सृष्टिज्ञान' १९२८ साली निघाले. अशा नियतकालिकांनी, आणि गावोगावच्या शिक्षकांनी व वाचनालयांनी, 'लिहिलेले आहे म्हणजे कोणी विचार करून लिहिले असेल' ही श्रद्धा पिढ्यानपिढ्या साठविली. दुकानदार आज त्या ठेवीवर व्याज खात आहे. पण ठेव उघडी टाकली कोणी? परभणीच्या कृषी विद्यापीठाजवळ ज्ञान आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 'नांदेड ४४' सारखा वाण देशास दिला. परंतु शेतकऱ्याने रात्री नऊ वाजता विचारलेल्या प्रश्नास त्याच घटकेस, त्याच्या बोलीत उत्तर देण्याची तत्परता दुकानदाराने दाखविली, विद्वानांनी दाखविली नाही. सोप्या मराठीत पाणी, औषध, अन्न, यंत्र यांविषयी लिहिणे हे प्राध्यापकवर्गास आपल्या पदवीस कमीपणा आणणारे वाटू लागले. ओसाड वाड्यात कोणी तरी बिऱ्हाड करणारच. मग भाडेकरूस दोष देऊन काय उपयोग?

तेव्हा आमचे मागणे तीन ठिकाणी आहे. दुकानदाराने लेखाच्या मस्तकावर, तळाशी बारीक अक्षरांत नव्हे, स्वच्छ मराठीत लिहावे की हा लेख माल विकणाऱ्याचा आहे. विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी लोकांचे प्रश्न दुकानदाराइतक्याच आस्थेने गोळा करावेत आणि त्यांची उत्तरे ज्यांस काही विकावयाचे नाही अशा माणसांकडून लिहवून घ्यावीत. ज्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची मुले शिकतात त्यास हे कार्य अशक्य नाही. आणि कुटुंबांनी आपल्या मुलांस वाचनाची एक कसोटी शिकवावी: कोणताही उपयुक्त लेख वाचून झाला की त्यात 'घेऊ नका' हे वाक्य कोठे आहे ते शोधावयास सांगावे. जेथे ते सापडेल तेथे लेखकाशी गाठ पडली असे समजावे. जेथे सापडणार नाही तेथे आपण दुकानात उभे आहो हे ओळखून कनवटीला हात लावावा.