मुलगा परमनंट आहे का?



गेल्या महिन्यात आमच्या तीन माजी विद्यार्थिनी भेटायला आल्या. तिघी आता कॉलेजात आहेत. चहा उकळेपर्यंत गोष्ट रिश्त्यांवर आली आणि आम्ही विचारलं, नवरा कसा हवा?

बीडहून आलेल्या घरातली मुलगी ताडकन म्हणाली, "परमनंट." तिचे अब्बा चाकणला बारा वर्षं ठेकेदाराकडेच आहेत. दुसरीचं घर उत्तर प्रदेशचं. कुदळवाडीत भंगाराचं गोदाम होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, त्यात तेही गेलं. तिला बिरादरीतलाच हवा. "मॅडम, त्या दिवसांत तेच धावून आले." तिसरी इथलीच, बागवान, मंडईत गाळा आहे. तिला एवढंच हवं, की लग्नानंतर शिकू द्यावं.

घराणं, प्रांत वेगळे म्हणून पसंती वेगळी, असं आपण म्हणतो. आम्हाला तर वाटलं, घरात जे कमी पडलं तेच प्रत्येकीने मागितलं. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्ये 37 संस्कृतींतल्या दहा हजारांवर लोकांच्या पसंतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लग्नाआधीच्या शीलाला भारत-चीनमध्ये फार महत्त्व, स्वीडनमध्ये जवळजवळ नाहीच. प्रेमळ आणि समजूतदार जोडीदार मात्र सगळ्यांनाच हवा होता.

रंगाचं नाव तिघींपैकी एकीनेही काढलं नाही. ते काढतो आपण, मोठी माणसं. भाच्यासाठी मुलगी पाहताना अपेक्षांच्या रकान्यात "गोरी" हा शब्द आम्हीच लिहिला, तोही सुवाच्य अक्षरात. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे रसूलुल्लाह (स.) यांनी अखेरच्या हजच्या वेळी सांगितलं, असं वर्गात शिकवणारेही आम्हीच. निकाह दौलत, घराणं, रूप आणि दीन पाहून होतो, तुम्ही दीन निवडा, ही हदीसही तोंडपाठ. एक बी.एस्सी. झालेली, सालस मुलगी पाहिली होती. सावळी होती. घरून निरोप गेला, "इस्तिखारा ठीक आला नाही."

कप उचलता उचलता बागवानांची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ती माझ्या मामूंची मुलगी. अजून विचारते, इस्तिखाऱ्यात काय दिसलं होतं?"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आम्ही तिला खरं ते सांगितलं. इस्तिखारा कुणी केलाच नव्हता.